उंबरठ्यापलीकडची प्रेमकथा

प्रेमकथेचे शेवटचे पान उलटले की वाचकाच्या मनात एक प्रश्न हमखास डोकावतो : हे सारे लिहिणाऱ्याच्या आयुष्यात खरोखर घडले असेल का? लेखक पुरुष असला तर हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा असतो. लेखिका असली की त्यात चौकशीचा सूर मिसळतो. आणि ती लेखिका चार मुलखांत राहिलेली, चार भाषांत वावरलेली, रूढ चाकोरीत न मावणारी असली, तर चौकशी फार लवकर निकालापर्यंत जाऊन पोहोचते. 'अशी जगली म्हणून असे लिहिले,' एवढ्या चार शब्दांत तिच्या साऱ्या साहित्याचा हिशेब चुकता केला जातो.

हा हिशेब इतका सोपा नाही, असे आम्हांला वाटते. त्या एका प्रश्नाच्या पोटात दोन निराळे प्रश्न दडलेले आहेत. पहिला वाङ्मयाचा : साहसी, भटके आयुष्य प्रेमकथेला नेमके काय पुरवते? दुसरा नीतीचा : त्या भटकंतीची किंमत कोण मोजते, आणि ती मोजून लिहिल्या गेलेल्या कथेशी वाचकाने कसे वागावे? पहिल्याचे उत्तर समीक्षक देतील. दुसऱ्याचे उत्तर मात्र कुटुंबात राहणाऱ्या, मुलाबाळांच्या हाती पुस्तके देणाऱ्या तुम्हा-आम्हांलाच शोधावे लागते.

या विचारासाठी सातारा-सांगलीकडचा मुलूख निवडण्यास कारण आहे. आज हे दोन जिल्हे वेगळे असले तरी १९४९ पर्यंत सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. त्या वर्षी साताऱ्याचा दक्षिण भाग आणि आसपासची संस्थाने मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठचा ऊस, हळद, द्राक्षे डोळ्यांसमोर आणली की हा मुलूख मोठा स्थिर, घरंदाज वाटतो. पण त्याच मुलखाच्या पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, जत असे दुष्काळी टापू आहेत, आणि तेथील माणूस कायम वाटेवर आहे. धनगर मेंढरे घेऊन चाऱ्याच्या शोधात निघतो. विटा-खानापूरकडचे गलाई कामगार सोन्याचांदीच्या शुद्धीकरणाच्या धंद्यापायी भारतभर पांगले आहेत. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या परिसरात उतरतात, पाचटाच्या कोप्या उभारतात आणि हंगाम सरला की गावाकडे परततात. आणि दर आषाढात ज्ञानेश्वरांची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या वाटेने पुढे जाते.

व्यंकटेश माडगूळकर याच माणदेशातले. त्यांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) दुष्काळाने एक अख्खी वाडी उठून जाते. घर सोडणे ही या मातीत कल्पनेची चैन नव्हे, रोजची गोष्ट आहे. अशा मुलखातल्या एका खेड्यात, फलटणजवळच्या विंचुर्णीत, मराठीतील एक फार फिरलेली लेखिका येऊन राहिली. तिचे नाव गौरी देशपांडे.

गौरीबाईंचा जन्म ११ फेब्रुवारी १९४२ रोजी पुण्यात झाला. आजोबा महर्षी धोंडो केशव कर्वे, वडील दिनकर धोंडो कर्वे आणि आई समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे. भटकंतीचे बीज याच घराण्यात सापडते. खुद्द इरावतीबाईंचा जन्म ब्रह्मदेशात, १९०५ साली; नावही तिथल्या इरावती नदीवरून ठेवलेले. पुढे त्या बर्लिनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत आल्यावर मानववंशशास्त्राच्या कामासाठी गावोगाव, रानोमाळ हिंडल्या. पालखीबरोबर पायी चालून त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. तो मराठी निबंधातला मैलाचा दगड ठरला. त्यांच्या 'युगान्त'ला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. महर्षींनी तर सत्तरी ओलांडल्यावर महिला विद्यापीठाच्या कामासाठी परदेशचा प्रवास केला. या घरात 'बाहेर जाणे' हा गुन्हा नव्हता, शिक्षणाचा भाग होता.

गौरीबाई इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक आणि अध्यापक. आरंभी त्यांनी इंग्रजीत कविता लिहिल्या. 'बिट्वीन बर्थ्स' हा संग्रह १९६८ सालचा. मायदेशाबाहेर त्या बरीच वर्षे राहिल्या. मराठीत 'एकेक पान गळावया' हे पुस्तक १९८० साली आले. त्यानंतर 'तेरुओ आणि कांही दूरपर्यंत', 'निरगाठी आणि चंद्रिके ग सारिके ग', 'दुस्तर हा घाट आणि थांग', 'मुक्काम', 'गोफ', 'उत्खनन' असे लेखन होत राहिले. १ मार्च २००३ रोजी त्यांचे निधन झाले. ही नावेच पाहा : दूरपर्यंत, घाट, थांग, मुक्काम. वाटसरूच्या तोंडचे हे शब्द आहेत. पण त्यांच्या शेजारीच निरगाठी आणि गोफ हे दोन शब्दही आहेत, ते बांधण्याचे आणि गुंफण्याचे. जाणे आणि गुंतणे या दोहोंची ओढाताण हाच त्यांच्या प्रेमकथेचा गाभा आहे.

आता पहिला प्रश्न. भटक्या आयुष्याने या कथांना काय दिले? वरवर पाहणारा म्हणेल, परदेशी देखावे दिले, वेगळ्या चालीरीती दिल्या, गोरे-पिवळे नायक दिले. 'तेरुओ'मध्ये जपान आहे, विवाहित भारतीय स्त्री आहे आणि तेरुओ नावाचा जपानी पुरुष आहे. ज्याला चटकदार मजकूर हवा आहे त्याला एवढे पुरे. पण देखावे तर प्रवासी कंपनीच्या रंगीत पत्रकातही मिळतात. त्यांतून प्रेमकथा निपजत नाही.

आमच्या मते भटकंतीने लेखिकेला दिलेली खरी गोष्ट म्हणजे परकेपण. आपल्या गावात, आपल्या वाड्यात माणसाचे प्रेम एकटे कधीच उभे नसते. त्याला नातेवाइकांचा टेकू असतो, शेजाऱ्यांच्या नजरेचा धाक असतो, सणावारांचे वेळापत्रक असते. नवरा-बायको एकमेकांशी बोलली नाहीत तरी घरातले बोलणे चालू राहते. परक्या मुलखात हे सगळे टेकू एकदम निघून जातात. तिथे कोणाची आत्या नाही, कोणाचा मामा नाही, 'लोक काय म्हणतील' यातले लोकच नाहीत. अशा वेळी दोन माणसांत जे उरते तेवढेच त्यांचे स्वतःचे असते. कधी ते भरभक्कम निघते, कधी धक्कादायकरीत्या थोडे. गौरीबाईंच्या नायिका या उरलेल्याचा हिशेब मांडतात. म्हणून त्यांच्या प्रेमकथा गोड वाटत नाहीत, खऱ्या वाटतात.

दुसरी देणगी दुरून दिसण्याची. घरात बसून घर दिसत नाही. त्यांच्या पहिल्या मराठी पुस्तकातील एका दीर्घकथेचे नाव 'कारावासातून पत्रे' असे आहे. मोकळेपणी हिंडणाऱ्या लेखिकेने कथेला कारावासाचे नाव द्यावे आणि ती पत्रांतून सांगावी, यात आम्हांला मोठा अर्थ दिसतो. पत्र हे दूर असलेल्या माणसाचे वाङ्मय. जवळ असताना जे बोलता येत नाही ते पत्रात लिहिता येते. ज्या घरांतील कर्ता माणूस आखातात किंवा जहाजावर वर्षानुवर्षे नोकरी करून राहिला, त्या घरांना हे सांगायला नको. कित्येक संसारांतले पहिले मोकळे बोलणे कागदावरच झाले आहे.

तिसरी देणगी भाषेची. गौरीबाईंनी रिचर्ड बर्टन यांच्या इंग्रजी 'अरेबियन नाइट्स'चे सोळा खंडांत मराठी भाषांतर केले. बर्टन स्वतः जगावेगळा भटक्या. १८५३ साली वेश पालटून मक्केपर्यंत गेलेला, आणि त्याआधी गोव्यातही येऊन गेलेला. त्याच्या पुस्तकाशी एवढा काळ झुंजणे हीही एक मुशाफिरीच होती. परंतु गंमत पाहा. या ग्रंथातील कथा सांगणारी शहरजाद मात्र महालाबाहेर पाऊल टाकत नाही. सिंदबाद सात सफरी करतो, व्यापारी चीनपर्यंत जातात, आणि त्या सगळ्यांना फिरवणारी स्त्री एकाच दालनात रात्रीमागून रात्र बसून असते. तिने भटकून कथा मिळवल्या नाहीत. कथा सांगून जीव वाचवला, स्वतःचा आणि तिच्यामागून बळी जाणाऱ्या कित्येकींचा.

इथे आपल्या सोप्या हिशेबाला पहिला तडा जातो. भटकल्याशिवाय प्रेमकथा लिहिता येत नाही, असे मुळीच नाही. इंग्लंडमधील जेन ऑस्टिन आपल्या कुटुंबाच्या वर्तुळातच जगली. एमिली ब्राँटे हॉवर्थच्या माळरानापासून फार काळ दूर राहिली नाही, आणि तरी 'वुदरिंग हाइट्स' (१८४७) इतकी वादळी प्रेमकथा तिच्या हातून उतरली. आपल्याकडे वि. स. खांडेकर यांचा जन्म सांगलीचा, १८९८ सालचा. तरुणपणी ते शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून गेले आणि जवळजवळ दीड तप तिथेच राहिले. वासना आणि विवेक यांचा झगडा रंगवणारी 'ययाति' लिहायला त्यांना जगप्रदक्षिणा घालावी लागली नाही. फार दूर कशाला, गौरीबाईंच्या थोरल्या भगिनी जाई निंबकर विवाहानंतर फलटणला आल्या आणि तिथे राहून त्यांनी इंग्रजीत कादंबऱ्या लिहिल्या. एकाच आईच्या दोन लेकी. एक रुजली, एक हिंडली, आणि दोघीही कादंबरीकार झाल्या.

तेव्हा कथेला लागते ते मैलांचे अंतर नव्हे. लागते ती स्वतःच्या आयुष्याकडे परक्यासारखे पाहण्याची तयारी. कोणाला ती प्रवासाने येते, कोणाला दुःखाने, कोणाला प्रार्थनेने, कोणाला एखाद्या दीर्घ आजारपणाने. भटकंती हा त्या तयारीकडे जाणारा एक रस्ता आहे, एकमेव नव्हे. आणि तो धोक्याचाही आहे; कारण पुष्कळ हिंडलेल्या माणसाला आपण पुष्कळ पाहिले असा भ्रम सहज होतो.

आता दुसरा, अवघड प्रश्न. भटकंतीची किंमत कोण मोजते?

मराठी भाषा या बाबतीत फार शहाणी आहे. तिने घर सोडून फिरण्याला एकच शब्द ठेवलेला नाही. हौसेने फिरणे ती भ्रमंती, ओढीने फिरणे ती भटकंती. पोटासाठी फिरणे ती वणवण. धाकाने पळणे म्हणजे परागंदा होणे. श्रद्धेने जाणे ती वारी. पाय तेच, रस्ताही कित्येकदा तोच. पण शब्द बदलला की माणसाचे माप बदलते.

ज्या फलटण तालुक्यात विंचुर्णी आहे, त्याच तालुक्यात निरगुडी नावाचे गाव आहे. लक्ष्मण माने तिथले. त्यांचे 'उपरा' हे आत्मकथन १९८० साली, म्हणजे 'एकेक पान गळावया' आले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कैकाडी समाजाचे ते बिऱ्हाड : गाढवाच्या पाठीवर संसार, फोकाच्या पाट्या विणायच्या, विकायच्या आणि गावाने हाकलण्याआधी पुढचे गाव गाठायचे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने देशातील अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ साली रद्द झाला, पण गावाच्या नजरेतला शिक्का राहिलाच. 'उपरा'मध्येही प्रेम आहे, जातीबाहेरचा विवाह आहे. मात्र तिथे प्रेमाने सीमा ओलांडणे म्हणजे आणखी एका गावातून हाकलले जाणे.

सांगलीकडे वळलो तर अण्णाभाऊ साठे भेटतात. वाळवा तालुक्यातील वाटेगाव हे त्यांचे गाव. जन्म १ ऑगस्ट १९२०. शाळा म्हणाल तर दीड दिवसाची. पोरवयात ते वडिलांबरोबर वाटेगावहून मुंबईपर्यंत पायी चालत गेले. वाटेत पडेल ते काम केले, मुंबईत गिरणीपासून हमालीपर्यंत सर्व पाहिले. त्यांच्याइतके साहसी आयुष्य मराठीत थोड्या कादंबरीकारांच्या वाट्याला आले असेल. 'फकिरा'चा (१९५९) पराक्रम सर्वांना ठाऊक आहे. पण 'वैजयंता'सारखी तमासगिरांच्या जगातली प्रेमकहाणीही त्यांनी लिहिली, आणि 'माकडीचा माळ'मध्ये पालांवरच्या भटक्यांचे जग उभे केले. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावरही लिहिले. ज्याचा पहिला प्रवास भुकेने घडवला, त्याला निमंत्रित पाहुणा म्हणून दूरदेशी जाण्याचे मोल काही निराळेच कळले असणार.

ही उदाहरणे आम्ही गौरीबाईंना उणे ठरवण्यासाठी मांडलेली नाहीत. त्यांच्या हाती शिक्षण होते, घराण्याचे पाठबळ होते, परतायला दार होते. त्यांची भटकंती निवडलेली होती. निवडलेल्या स्वातंत्र्याबद्दल कोणाला अपराधी वाटण्याचे कारण नाही. पण त्याचे भान असले पाहिजे. भटक्या आयुष्याचे गोडवे गाताना आपण हे विसरतो की ज्याच्यामागे घर आहे त्यालाच 'भटकणे' सुंदर वाटते. ज्याच्या मागे काहीच नाही त्याला चार भिंती हेच स्वप्न असते. गौरीबाईंच्या लेखनाचा मोठेपणा असा की त्या आपल्या नायिकांचे स्वातंत्र्य फुकटचे म्हणून रंगवत नाहीत. त्या नायिका शिकलेल्या, मोकळ्या आणि तरीही एकाकी आहेत. स्वातंत्र्याचे देणे त्या चुकवतात, तेही तक्रार न करता.

पण देणे केवळ जाणाराच चुकवतो का? मागे राहणाऱ्याचे काय?

याचे उत्तर देणारे पुस्तक मराठीत आहे आणि तेही साताऱ्याच्या वाटेवरचे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे जातिवंत भटके. घरात न सांगता निघून जावे, मन लागेल तिथे राहावे, हाती असेल ते वाटून टाकावे, असा स्वभाव. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पतिपत्नींची ताटातूट झाली. सुमारे पाच वर्षांच्या विरहानंतर दोघांचा संसार पुन्हा सुरू झाला. अखेरच्या पर्वात, १९१७ साली, टिळक साताऱ्यास आले आणि तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. १९१९ साली ते गेले. या साऱ्या वणवणीत ज्यांनी चूल पेटती ठेवली त्या लक्ष्मीबाई. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने 'स्मृतिचित्रे' लिहिली, आणि मराठी भाषेला संसाराची एक अपूर्व कथा मिळाली.

आम्ही 'स्मृतिचित्रां'ना प्रेमकथाच म्हणतो. तीत गुलाबी काही नाही. रुसवे आहेत, उपास आहेत, पोरकेपण आहे, आणि या सगळ्यावर मात करणारा विनोद आहे. मात्र तिचे वैशिष्ट्य असे की साहसी माणसाची कथा इथे साहसी माणसाने सांगितलेली नाही. त्याची वाट पाहणारीने सांगितली आहे. टिळकांनी आत्मचरित्र लिहिले असते तर त्यात प्रवास आला असता. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात प्रवासाची किंमत आली. आणि ती किंमत मोजताना त्यांनी टिळकांवरचे प्रेम कणभरही कमी होऊ दिले नाही.

बायबलमधील रूथची कथाही या जातीची आहे. मवाबातील ती विधवा सासूचा हात न सोडता परमुलखात येते, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते आणि तिथे तिचे घर पुन्हा बांधले जाते. ती प्रेमाच्या शोधात निघालेली नव्हती. कोणाला तरी एकटे सोडायचे नाही म्हणून निघाली होती. उंबरठा ओलांडण्याचे हेही एक कारण असू शकते. साहस आणि निष्ठा यांना आपण नेहमी परस्परांचे वैरी समजतो. रूथच्या ठायी ती एकाच पावलात आहेत.

यावरून आम्हांला एक कसोटी सुचते. भटकंतीतून जन्मलेली प्रेमकथा नैतिकदृष्ट्या कसाला लावायची असेल, तर लेखिका कोणाबरोबर राहिली, किती देश फिरली, हे विचारण्यात अर्थ नाही. विचारायचे ते असे : या कथेत मागे राहिलेल्यांना आवाज आहे का? नायिकेच्या सुखासाठी ज्यांना दुःख झाले ती माणसे या पानांवर माणसे म्हणून वावरतात, की केवळ अडथळे म्हणून? बाजारू प्रेमकथेत नवरा हा नेहमी दुष्ट असतो, सासू खाष्ट असते, म्हणजे नायिकेला मोकळे करणे लेखकाला सोपे जाते. गौरीबाईंच्या लेखनात ही पळवाट नाही. 'गोफ'मध्ये तर सून आणि सासू या दोन बायकांची आयुष्येच एकमेकींत गुंफली जातात. वैरीण म्हणून जिची ओळख परंपरेने करून दिली, तिच्यातच नायिकेला आपला चेहरा दिसतो. दुसऱ्याला त्याचा पूर्ण माणूसपणा देणे हेच लेखकाचे दान, आणि ते देताना त्याचे खासगी आयुष्य कसे होते हा प्रश्न मागे पडतो.

आता एक आक्षेप उरतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विवाह हे आयुष्यभराचे वचन आहे असे मानणाऱ्या कुटुंबांनी, विवाहाबाहेरच्या ओढीच्या कथा का वाचाव्यात? आमच्या परिचयातील कित्येक आईबापांना ही काळजी मनापासून वाटते, आणि तिला हसून उडवून लावणे उद्धटपणाचे ठरेल. पुस्तके माणसाला घडवतात असे आपण म्हणतो. मग ती बिघडवूही शकतात, हे मान्य करावेच लागेल.

तरीही आम्ही म्हणू, वाचाव्यात. वचनाची किंमत वचन मोडण्याचा मोह कळल्याखेरीज कळत नाही. ज्याला आपल्या जोडीदाराशिवाय दुसरे माणूस कधी भेटलेच नाही, त्याची निष्ठा ही निष्ठा की केवळ सवय, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. चांगली प्रेमकथा मोहाची जाहिरात करत नाही, त्याचे वजन दाखवते. ती वाचून एखाद्या घरातील पत्नीच्या मनात असा विचार येईल की गेल्या कित्येक वर्षांत आपण नवऱ्याला काही नवे विचारलेलेच नाही. एखाद्या नवऱ्याला कळेल की बायकोचे गप्प असणे म्हणजे तिचे सुखी असणे नव्हे. हे कळणे संसाराला घातक नाही. घातक आहे ते न कळणे. आज आपल्या कुटुंबांतील मुली शिकून परगावी, परदेशी जातात. कोणी परिचारिका म्हणून, कोणी संगणकाच्या क्षेत्रात. टेकू नसलेल्या जागी प्रेम कसे दिसते याची तयारी त्यांना घरातून कोणी दिलेली नसते. ती तयारी चांगल्या कथेने दिली, तर तिचे उपकारच मानायला हवेत.

मात्र वाचकाचेही एक कर्तव्य आहे. कथा ही लेखिकेची जबानी नव्हे आणि आपण न्यायासनावर बसलेलो नाही. तिने आपल्या आयुष्यातले काही वापरले असेल, काही बदलले असेल, काही तिला फक्त भीतीने किंवा इच्छेने सुचले असेल. सोन्यात कोणाच्या बांगडीचा तुकडा आला हे गलाईवाल्याच्या मुशीत शिरल्यावर ओळखता येत नाही. ओळखायचे असते ते सोन्याचा कस. कथेचेही तसेच. आयुष्याचा तुकडा कथेतून उकरून काढणारा वाचक लेखिकेवर अन्याय करतो आणि स्वतः मात्र रिकाम्या हाताने परततो.

शेवटी विंचुर्णीकडे येऊ. एवढे जग पाहिलेल्या बाईने घर बांधले ते पुण्यामुंबईच्या गजबजाटात नव्हे, कमी पावसाच्या एका खेड्यात. तिथल्या राहण्यावर १९९६ साली पुस्तक आले, त्याचे नाव 'विंचुर्णीचे धडे'. ज्या बाईने विद्यापीठात धडे दिले तिने खेड्याकडून धडे घेतले, आणि तसे नावातच कबूल केले. पाणी, झाडे, जनावरे, शेजारी यांच्याशी जुळवून घेताना तिथे पुन्हा तेच परकेपण होते. फरक इतकाच की आता त्यातून निघून जायचे नव्हते, त्यात राहायचे होते. कोणत्याही संसारी माणसाला हे ठाऊक आहे की सोडून जाण्याला एक दिवसाचे धैर्य पुरते. राहण्याला ते रोज नव्याने गोळा करावे लागते.

गौरीबाईंची आई इरावतीबाई २०२४ साली पुन्हा चर्चेत आल्या, कारण त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. ते लिहिणाऱ्या दोघांपैकी एक, ऊर्मिला देशपांडे, ही गौरीबाईंची मुलगी. आजी हिंडली, आई हिंडली, आणि नात त्या वाटांचा शोध घेत बसली. घराण्याची खरी मिळकत ही अशी असते. शेत, वाडा, दागिने वाटून संपतात; सांगितलेल्या गोष्टी वाटल्याने वाढतात.

ज्यांना पाय आहेत त्यांनी जरूर हिंडावे. ज्यांना घर सांभाळायचे आहे त्यांनी ते अभिमानाने सांभाळावे. पण जाणाऱ्याने मागे राहणाऱ्याचे आणि राहणाऱ्याने जाणाऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढे प्रेमकथेचे मागणे आहे. ते ज्या घरात पुरे होते, त्या घराचा उंबरठा कोणालाही अडवत नाही, आणि परतणाऱ्यासाठी तो अंधारातही ओळखीचा राहतो.